एक प्लाझ्मिड, पाच औषधे निकामी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टायफॉइड आणि तो ज्या घराण्याच्या जीवाणूंमुळे होतो त्या साल्मोनेलाच्या इतर संसर्गांविषयीच्या बातम्यांत दोन वाक्ये हटकून येतात. पहिले, 'रुग्णाच्या शरीराला प्रतिजैविकांची सवय झाल्याने औषधे लागू पडत नाहीत'. दुसरे, 'रुग्ण कोर्स अर्धवट सोडतात म्हणून जंतू शिरजोर झाले'. पहिले साफ चुकीचे आहे. दुसरे अर्धे खरे आहे आणि साल्मोनेलाच्या बाबतीत मुख्य मुद्द्याला बगल देणारे आहे. सवय शरीराला होत नाही. रोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याची ताकद, असतो तो जंतूत. आयुष्यात प्रतिजैविकाची एकही गोळी न घेतलेल्या मुलालाही पहिल्याच आजारात पाच औषधांना न जुमानणारा साल्मोनेला गाठू शकतो. त्या जंतूने तो रोध बहुतेक वेळा स्वतः कमावलेला नसतो, दुसऱ्या जीवाणूकडून आयता मिळवलेला असतो. ही देवघेव ज्याच्यामार्फत होते ते प्लाझ्मिड बातमीत नसतेच, पण प्रयोगशाळेच्या रिपोर्टातही दिसत नाही. म्हणून हे थोडे सविस्तर पत्र.

साल्मोनेलाचे मुख्य गुणसूत्र सुमारे ४८ लाख बेसजोड्यांचे (डीएनएची लांबी मोजायचे एकक) असते. जगायला आवश्यक ते सगळे त्यावर असते. प्लाझ्मिड हे त्याच पेशीत पण गुणसूत्रापासून वेगळे राहणारे, बहुधा वर्तुळाकार डीएनए. काही प्लाझ्मिडे जेमतेम दोन-तीन हजार बेसजोड्यांची असतात, तर काही दोन-तीन लाखांची. आपल्या प्रती काढायची सोय त्यांच्यावरच असते, आणि मोठ्या प्लाझ्मिडांवर शेजारच्या जीवाणूत शिरण्याची सामग्रीही असते. देणारी पेशी पिलस या तंतूने दुसरीला जवळ खेचते. रिलॅक्सेज नावाचे विकर प्लाझ्मिडच्या ठरावीक जागी दोनपैकी एक धागा कापते. तो धागा नळीसारख्या मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्ही पेशी आपापला राहिलेला धागा नव्याने विणून घेतात. अखेरीस प्लाझ्मिड दोघींकडे असते. ई. कोलाय, क्लेब्सिएला, शिगेला, साल्मोनेला हे एकमेकांचे जवळचे नातलग असल्याने त्यांच्यात हा व्यवहार सर्रास चालतो.

रोधाची जनुके प्लाझ्मिडवर सुटी नसतात, ती गाठोड्यात बांधलेली येतात. जनुकांना एका डीएनएवरून उचलून दुसऱ्यावर नेणारे ट्रान्सपोझॉन आणि जनुके एकामागे एक ओवून घेणारे इंटेग्रॉन यांच्या एकात एक बसलेल्या थरांतून हे गाठोडे तयार होते. टायफॉइडच्या जंतूत गेली पन्नास वर्षे वारंवार सापडणारे इन्क-एचआय-१ गटाचे प्लाझ्मिड घ्या. व्हिएतनाममध्ये १९९३ साली मिळालेल्या सीटी-१८ या टायफॉइडच्या जंतूतले अशा प्रकारचे प्लाझ्मिड २ लाख १८ हजार बेसजोड्यांचे आहे. या गटातल्या बहुरोधी प्लाझ्मिडांवर अँपिसिलिन तोडणारे टीईएम-१, क्लोरॅम्फेनिकॉल निष्प्रभ करणारे कॅट-ए-१, को-ट्रायमोक्साझोलमधल्या दोन घटकांना चकवणारी सल आणि डीएफआर ही जनुके, आणि त्यांच्या जोडीला बऱ्याचदा स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचाही रोध असतो. म्हणजे एक प्लाझ्मिड आत आले की पाच औषधे एका झटक्यात बाद.

यातून निघणारा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. या पाचांपैकी कोणतेही एक औषध वापरात असेल तर ते उरलेल्या चारांचा रोधही जगवते. 'हे औषध काही वर्षे बंद ठेवू, ते वापरू, मग आलटून पालटून' हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. दोन्ही औषधांचा रोध एकाच प्लाझ्मिडवर असेल तर तो कुचकामी आहे. शिवाय पुष्कळ मोठी प्लाझ्मिडे विष आणि उतारा अशी जोडी बाळगतात. विष टिकाऊ असते, उतारा लवकर नासणारा. विभाजनात ज्या पेशीच्या वाट्याला प्लाझ्मिड आले नाही तिच्यातला उतारा संपतो, विष उरते, आणि ती मरते किंवा तिची वाढ खुंटते. त्यामुळे औषध थांबवले की रोध आपोआप ओसरेल हे गृहीत धरता येत नाही. कधी ओसरतो, कधी नाही. ते कोणते प्लाझ्मिड आहे आणि त्यावर आणखी काय काय आहे यावर ठरते.

ही माहिती काही आजची नव्हे. जपानमध्ये १९५९ च्या सुमारास ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी शिगेलातला बहुऔषधरोध नुसत्या एकत्र वाढीतून ई. कोलायमध्ये जातो हे दाखवले, आणि १९६३ साली वातानाबे यांच्या इंग्रजी आढाव्याने ते जगभर पोचले. ब्रिटनमध्ये ई. एस. अँडरसन यांनी वासरांमधल्या साल्मोनेला टायफिम्युरियममध्ये हेच पाहिले आणि जनावरांना प्रतिजैविके देण्याबाबतच्या १९६९ च्या स्वान समितीच्या अहवालामागे ही पार्श्वभूमी होती. तरीही १९७२ साली मेक्सिकोत टायफॉइडची मोठी साथ आली तेव्हा, १९४८ पासून हमखास मानले गेलेले क्लोरॅम्फेनिकॉल चालेना याचा धक्का बसलाच. रुग्ण १० हजारांच्या वर गेले. त्याच वर्षी केरळात कोळिकोड इथेही क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड आढळला आणि तो रोध दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकतो हे तिथल्या संशोधकांनी सिद्ध केले.

मेक्सिकोच्या प्रकरणात एक बारकावा आहे, तो आजही विसरला जातो. त्याआधी १९६९-७० मध्ये मध्य अमेरिकेत शिगेलाची भीषण साथ झाली होती आणि दोन्ही जंतूंच्या रोधाची यादी तंतोतंत सारखी होती. साहजिकच सगळ्यांना वाटले, प्लाझ्मिड तेच. तपासल्यावर त्यांचे गट वेगळे निघाले. औषधांची यादी सारखी म्हणजे उगम एकच, असे नसते. आणि यादी वेगळी दिसली तरी प्लाझ्मिड एकच असू शकते, कारण गाठोड्यातले एखादे जनुक गळू शकते. रिपोर्टातल्या नुसत्या 'एस' (सेन्सिटिव्ह, औषध चालते) आणि 'आर' (रेझिस्टंट, चालत नाही) च्या रकान्यांवरून साथीचा माग काढणे म्हणूनच धोक्याचे.

आता तापमानाची गोष्ट. इन्क-एचआय-१ प्लाझ्मिडांची देवघेव २२ ते ३० अंश सेल्सियसला जोरात होते आणि ३७ अंशांना जवळपास थांबते. म्हणजे माणसाच्या अंगात नव्हे, तर सांडपाणी, गढूळ पाणी, ओला गाळ अशा ठिकाणी तिला अनुकूल हवा मिळते. याचे दोन परिणाम. रोधाचा प्रवास रोखायचा तर मलनिस्सारणाकडे पाहावे लागते, फक्त औषधाच्या चिठ्ठीकडे पाहून भागत नाही. आणि दुसरा प्रयोगशाळेसाठी: प्लाझ्मिड हस्तांतरणक्षम आहे का, ही चाचणी सवयीने फक्त ३७ अंशांना केली तर उत्तर 'नाही' येते आणि ते खोटे असते. २५-२८ अंशांनाही ती केली पाहिजे. सगळीच प्लाझ्मिडे अशी नसतात. इन्क-आय-१ गटातली ३७ अंशांनाही उत्तम जातात.

१९९० च्या दशकापासून डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळले, जुन्या औषधांचा वापर घटला, आणि बऱ्याच भागांत टायफॉइडचे जंतू पुन्हा क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमोक्साझोलला दाद देऊ लागले. प्लाझ्मिड वागवण्याचा खर्च जंतूला परवडेनासा झाला, असा याचा ढोबळ अर्थ. पण एच-५८ नावाच्या वंशातल्या काही शाखांत ते गाठोडेच प्लाझ्मिडवरून उडी मारून गुणसूत्रात जाऊन बसले. आता तिथे प्लाझ्मिड हरवण्याचा प्रश्नच उरला नाही. रोध कायमचा बिऱ्हाड करून राहिला. जुनी औषधे परत येताहेत अशी आशादायक बातमी देताना, दाद देणारे जंतू कोणत्या शाखेचे, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही.

सिंधमधल्या हैदराबादेत नोव्हेंबर २०१६ पासून सुरू झालेली साथ या सगळ्याचा कळस म्हणावी अशी. तिथल्या जंतूच्या गुणसूत्रात तीन जुन्या औषधांच्या रोधाचे गाठोडे आधीच बसलेले होते, शिवाय जायर-ए जनुकात फ्लुओरोक्विनोलोनचा (सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटाचा) रोध वाढवणारा बदल होता. त्यात भर म्हणून इन्क-वाय गटाचे, सुमारे ८४ हजार बेसजोड्यांचे प्लाझ्मिड आले. त्यावर सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्सिम तोडणारे सीटीएक्स-एम-१५ आणि फ्लुओरोक्विनोलोनविरोधातले क्यूएनआर-एस. या प्लाझ्मिडाचे जवळचे नातलग ई. कोलायमध्ये सापडतात. टायफॉइडच्या जंतूने सेफ्ट्रियाक्सोनचा रोध टप्प्याटप्प्याने कमावला नाही; आतड्यात वा सांडपाण्यात भेटलेल्या ई. कोलायकडून तो तयार मिळाला. हातात राहिले तोंडाने घ्यायचे अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची कार्बापेनेम.

इथे डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्याशी थोडे रोखठोक बोलणे भाग आहे. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फार थोडे असतात, कित्येकदा मिलिलिटरला एखादाच. प्रौढाचे २-३ मिलि रक्त घेऊन कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) 'निगेटिव्ह' आले तर त्याला काहीच अर्थ नाही. दर बाटलीत ८ ते १० मिलि, शक्यतो दोन बाटल्या, आणि तेही पहिल्या डोसाच्या आधी. रक्ताचे माध्यमाशी प्रमाण १:५ ते १:१० राखावे. त्याहून जास्त रक्त भरले तर रक्तातलेच जंतुनाशक घटक पुरेसे विरळ होत नाहीत. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. विडाल या रक्तचाचणीवरून उपचार सुरू करण्याची पद्धत अजून जिवंत आहे. तिची अचूकता मुळात कमी, आणि पॉझिटिव्ह आली तरी कोणते औषध चालेल याबद्दल ती अवाक्षर सांगत नाही. प्लाझ्मिडच्या काळात हे अंधारात तीर मारणे झाले.

कल्चर आल्यावर डिस्कची चाचणी: ताटलीतल्या माध्यमावर जंतू पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि चकतीभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा, म्हणजे झोनचा, व्यास मोजायचा. जंतूंच्या द्रावणाचा गढूळपणा मॅकफरलँड मापाने ०.५, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जीवाणू. म्युलर-हिंटन अगार हे माध्यम ४ मिलिमीटर जाड. ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तास. द्रावण जास्त दाट झाले की झोन लहान येतात आणि चांगले औषध बाद ठरते. अगार पातळ ओतले की झोन फुगतात आणि निकामी औषध 'सेन्सिटिव्ह' छापले जाते. दमट फ्रिजमध्ये पडून राहिलेल्या डिस्कची ताकद जाते आणि नसलेला रोध दिसू लागतो. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा नियंत्रक जंतू दर वेळी सोबत लावला, सेफ्ट्रियाक्सोनचा झोन २९ ते ३५ मिलिमीटरमध्ये बसला, तर यातल्या बहुतेक गफलती त्याच दिवशी पकडता येतात.

फ्लुओरोक्विनोलोनचे प्रकरण सर्वांत फसवे. जुनी रीत अशी की नॅलिडिक्सिक ॲसिडची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क लावायची. तिला रोध दिसला तर जायर-ए बदललेले आहे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर विसंबू नये. गुणसूत्रातल्या बदलासाठी ही रीत ठीक होती. क्यूएनआर जनुक प्लाझ्मिडवरून येते तेव्हा मात्र नॅलिडिक्सिक ॲसिडचा झोन बऱ्याचदा व्यवस्थित राहतो आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारी किमान मात्रा) वाढलेली असते. साल्मोनेलासाठी मिलिलिटरला ०.०६ मायक्रोग्रॅम किंवा कमी असेल तरच सिप्रोफ्लॉक्सॅसिन 'सेन्सिटिव्ह' म्हणावे. नेहमीची इतर आतड्यांतल्या जीवाणूंची मर्यादा इथे लावली तर रिपोर्ट चुकतो आणि रुग्णाचा ताप हटत नाही. पेफ्लॉक्सॅसिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क यावर चांगला उपाय आहे: झोन २४ मिलिमीटर वा अधिक तर ठीक, २३ वा कमी तर रोध. ती जायर-ए आणि क्यूएनआर दोन्ही पकडते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर ॲसिटिल गट चिकटवणारे एएसी-६-आयबी-सीआर हे प्लाझ्मिडवरचे आणखी एक जनुक मात्र तिच्याही हातून निसटते, कारण पेफ्लॉक्सॅसिनला त्या विकराचा धक्काच बसत नाही. संशय असेल तिथे सिप्रोफ्लॉक्सॅसिनची प्रत्यक्ष एमआयसी काढण्याला पर्याय नाही.

सेफ्ट्रियाक्सोनचा झोन २३ मिलिमीटरच्या खाली गेला की नुसते 'आर' किंवा 'इंटरमीजिएट' लिहून थांबू नये. सेफोटॅक्झिम आणि सेफ्टॅझिडिम यांच्या डिस्क एकट्या आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसह लावाव्यात. जोडीचा झोन एकट्यापेक्षा ५ मिलिमीटर वा जास्त मोठा आला तर ईएसबीएल, म्हणजे ही औषधे तोडणारे पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने अडणारे विकर, बहुधा सीटीएक्स-एम घराण्याचे. वाढला नाही आणि सेफॉक्सिटिनलाही रोध असेल तर सीएमवाय-२ सारख्या एम्पसी, म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने न अडणाऱ्या विकराचा विचार करावा; ते प्राण्यांकडून येणाऱ्या साल्मोनेलात इन्क-सी आणि इन्क-आय-१ प्लाझ्मिडांवर नेहमी सापडते. हा फरक रुग्णाच्या उपचारात फारसा डोकावणार नाही, पण रोध कुठून आला असेल याचा पहिला धागा तोच.

आणखी एक चूक इतकी नित्याची झाली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे. साल्मोनेलाच्या रिपोर्टात जेंटामायसिन, अमिकासिन, सेफॅलेक्सिन, सेफ्युरॉक्झिम यांच्यापुढे 'सेन्सिटिव्ह' छापलेले दिसते. ताटलीवर ती औषधे चालतात. पण साल्मोनेला आपल्याच पेशींच्या आत दडून राहतो आणि रुग्णात ती निरुपयोगी ठरतात; म्हणून पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने आणि अमिनोग्लायकोसाइड ही साल्मोनेलासाठी 'सेन्सिटिव्ह' म्हणून कळवूच नयेत, असा प्रमाणित नियम आहे. बाकीची औषधे बाद दिसली की घाबरलेला डॉक्टर नेमके त्या ओळीवर बोट ठेवतो. अझिथ्रोमायसिनच्या १५ मायक्रोग्रॅम डिस्कचा काठ धूसर येतो. टायफॉइडच्या जंतूसाठी १३ मिलिमीटर वा अधिक चालते, पण काठ ठरवता येईना तर अंदाज छापण्यापेक्षा एमआयसी काढावी.

जंतू जपून ठेवण्याचाही प्रश्न आहे. साध्या अगारवर, खोलीच्या तापमानाला, महिन्या-दोन महिन्यांनी नव्या माध्यमावर उतरवत नेलेल्या जंतूतून प्लाझ्मिड गळून जाऊ शकते. संदर्भ प्रयोगशाळेत तो पोचतो तेव्हा मूळ रिपोर्ट खोटा ठरल्यासारखा दिसतो. १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, पहिल्याच वाढीतून, उणे ७० अंशांवर ठेवावे. जनुकक्रम काढणाऱ्यांसाठी इतकेच, की छोट्या तुकड्यांच्या तंत्राने जनुके कळतात, पण ती प्लाझ्मिडवर आहेत की गुणसूत्रात हे पुष्कळदा कळत नाही. आयएस-२६ सारखे पुन्हापुन्हा येणारे तुकडे जिथे असतात तिथे जुळणी तुटते, आणि गाठोडी नेमकी त्यांच्याच आधाराने उभी असतात. निवडक नमुन्यांवर तरी लांब तुकड्यांचे तंत्र वापरायला हवे.

उपचारांकडे वळू. निरोगी प्रौढाच्या साध्या साल्मोनेला जुलाबांना प्रतिजैविक लागत नाही. ओआरएस, पाणी, विश्रांती पुरते. औषधाने आजार फारसा आखडत नाही, उलट विष्ठेतून जंतू जाण्याचा काळ लांबू शकतो. तीन महिन्यांखालची बाळे, प्रतिकारशक्ती खालावलेले, सिकल सेलचे रुग्ण, रक्तवाहिन्यांचा विकार असलेले वयस्कर आणि ज्यांच्या रक्तात जंतू उतरला आहे ते, यांची गोष्ट वेगळी.

या सल्ल्यामागे प्लाझ्मिडचेही एक कारण आहे. उंदरांवरच्या २०१२ सालच्या प्रयोगात दिसले की साल्मोनेलाने आतडे सुजले की साल्मोनेला आणि ई. कोलाय दोघांचीही संख्या एकाच वेळी भरमसाट वाढते आणि प्लाझ्मिडची देवघेव उसळते. २०१९ साली त्याच दिशेने पुढचे काम आले: औषध चालू असताना आतड्याच्या ऊतींत सुप्त राहिलेले साल्मोनेला आपले प्लाझ्मिड जपतात आणि नंतर बाहेर येऊन ते इतर जीवाणूंना देतात, त्यासाठी त्या काळात प्रतिजैविकाचा दाबही लागत नाही. म्हणून 'कोर्स पूर्ण करा' हा संदेश अपुरा आहे. टायफॉइडमध्ये कोर्स पूर्ण करायलाच हवा, नाहीतर आजार उलटतो. पण सर्दीखोकल्यासाठी शिस्तीत पूर्ण केलेला अझिथ्रोमायसिनचा कोर्सही आतड्यातल्या ई. कोलायमधून रोध असलेल्या जंतूंची निवड करतोच. अझिथ्रोमायसिन निष्प्रभ करणारे एमपीएच-ए जनुक साल्मोनेलाच्या प्लाझ्मिडांवर आढळू लागले आहे. टायफॉइडसाठी तोंडाने घ्यायचे एवढेच भरवशाचे औषध उरलेले असताना ते घसादुखीवर उधळणे परवडणारे नाही.

टायफॉइडचा ताप योग्य औषधानेही चार ते सात दिवस घेतो. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलणे, चौथ्या दिवशी दुसरे जोडणे, ही घाई रोधापेक्षा अधीरपणातून होते.

प्राण्यांच्या बाजूचा सर्वांत बोलका दाखला कॅनडातल्या क्यूबेकचा. तिथे उबवणी केंद्रांत अंड्यांतच सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन गटातले प्रतिजैविक टोचले जाई. कोंबडीच्या मांसात आणि माणसांत, दोन्हीकडे साल्मोनेला हायडेलबर्गमधला सेफॅलोस्पोरिनचा रोध वाढला. २००५ साली उद्योगाने हा वापर स्वेच्छेने थांबवला आणि दोन्हीकडचा रोध झपाट्याने खाली आला. २००७ मध्ये वापर अंशतः परतला, तसा रोधही चढू लागला. इतके स्वच्छ कार्यकारण या विषयात क्वचित पाहायला मिळते. पण सगळीकडे एवढी सोपी उतरण मिळेल असे समजू नये. इन्क-एचआय-२ प्लाझ्मिडांवर तांबे आणि चांदीचा रोध असतो, इन्फँटिस प्रकारातल्या पीईएसआय या महाकाय प्लाझ्मिडावर पाऱ्याचा. जनावरांच्या खाद्यात तांबे-जस्त भरपूर असेल तर प्रतिजैविक बंद करूनही प्लाझ्मिड तग धरते. युरोपीय संघाने डुकरांच्या पिलांना औषध म्हणून द्यायच्या झिंक ऑक्साइडवर जून २०२२ पासून बंदी आणली, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

शेणखत आणि विष्ठामिश्रित खतांत साल्मोनेला मारायचा तर ढिगाचे तापमान ५५ अंशांवर जावे लागते: बंदिस्त किंवा हवा खेळवलेल्या ढिगात सलग ३ दिवस, उघड्या लांबट ढिगात १५ दिवस आणि त्या अवधीत किमान ५ वेळा उलथापालथ. उलथापालथ टाळली की ढिगाच्या कडेचा थर २५-३० अंशांवर राहतो. मघाशी सांगितलेल्या प्लाझ्मिडला हवे असते तेच तापमान.

पाण्याबाबत एक दिलासा आहे. पाच औषधांना न जुमानणारा साल्मोनेलाही क्लोरीनला आणि उकळत्या पाण्याला इतरांइतकाच बळी पडतो. पाण्याचा सामू ८ च्या खाली आणि गढूळपणा कमी असताना ३० मिनिटांनंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे, शेवटच्या नळाला किमान ०.२. गढूळ पाण्यात मात्रा ओतूनही हे साधत नाही, कारण सेंद्रिय गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी गाळणे, मग क्लोरीन. मोजताना एकूण क्लोरीन नव्हे, मुक्त क्लोरीन मोजावे.

लशीचेही तसेच. टायफॉइडची संयुग्म लस जंतूच्या व्हीआय आवरणाविरुद्ध काम करते, आत कोणते प्लाझ्मिड आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पहिल्या लशीला डिसेंबर २०१७ मध्ये पूर्वमान्यता दिली, आणि पाकिस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये ती नियमित लसीकरणात आणली, सुरुवात सिंधपासूनच. सहा महिन्यांच्या बाळापासून अर्ध्या मिलिचा एकच डोस. पॅराटायफॉइड घडवणाऱ्या पॅराटायफी-ए किंवा जुलाब घडवणाऱ्या साल्मोनेलांवर तिचा उपयोग नाही, हे मात्र लोकांना आधीच सांगावे. नाहीतर लस घेऊनही ताप आला अशी ओरड होते आणि लस बदनाम होते.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशा साथीची बातमी करताना केवळ 'औषधांना दाद न देणारा टायफॉइड' एवढ्यावर थांबू नये. रक्ताची एकूण कल्चर किती झाली आणि त्यांत पॉझिटिव्ह किती, हा पहिला प्रश्न. त्याशिवाय टक्केवारीला बूड नाही. सेफ्ट्रियाक्सोनचा रोध असेल तर तो ईएसबीएलचा की एम्पसीचा, हे विचारावे. रोधाची जनुके प्लाझ्मिडवर आहेत की गुणसूत्रात, हे कोणी पाहिले आहे का? रुग्णांच्या वस्तीतल्या पाण्यात मुक्त क्लोरीन किती मिळाले, कोणत्या नळाला आणि किती वाजता? आणि जंतूंचे नमुने उणे ७० अंशांवर जपले आहेत, की पुन्हा तपासायला काही उरलेलेच नाही?

कळावे,
आपले,
वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणारे काही वाचक